कार्पेट टाइल्स, भाग ४: गोंद हरला, टॅब लागले

मंडळी, मागच्या भागात मी छातीठोकपणे लिहिलं होतं की पाठीला गोंद असलेल्या टाइल्स बसल्या त्या बसल्या. शब्द मागे घेतो. जुलैत आठ दिवस झड लागली आणि बागेकडच्या भिंतीलगतच्या नऊ टाइल्सचे कोपरे वर आले. एक उचलली तर निम्मा गोंद शहाबादीवर, निम्मा टाइलच्या पाठीला. बोट लावलं की काकवीसारखी तार. वरून कुबट वास.

आमचं घर तळमजल्यावर, शहाबादी थेट भरावावर बसवलेली. खालून येणारी ओल एरवी उडून जायची. टाइलच्या पीव्हीसी पाठीने तिची वाट अडवली, ती गोंदात मुरली आणि गोंद सुटला. खात्रीसाठी १८ इंची प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवून १६ तास ठेवला. बागेकडे आतून थेंब जमले होते, दाराकडे कोरडं ठणठणीत. ही चाचणी खरेदीआधी करा, कळकळीने सांगतो. दुकानदाराने ‘दहा वर्षं हलणार नाही’ म्हटलं, पण फरशी कुठली हे विचारलंच नाही.

गोंद खरवडण्यात दोन रविवार गेले. पुट्टीची पट्टी हेच खरं हत्यार. रॉकेलने शहाबादीवर डाग पडले.

आता ५० बाय ५० सेंटिमीटरच्या, जड पाठीच्या, बिनगोंदाच्या टाइल्स. चार कोपरे जुळतात तिथे खाली टॅब, म्हणजे एका बाजूने चिकट असलेला छोटा तुकडा, चिकट बाजू वर. टाइल टाइलला धरते, फरशीला नाही. खोलीच्या मध्यातून सूत मारलं, पाठीवरचे बाण आळीपाळीने काटकोनात फिरवले, सांधे छान लपले. परवा चहा सांडला, तर तेवढी एकच टाइल काढून धुतली, वाळवून परत बसवली. फार समाधान वाटलं! ओल काही जात नाही, पण आता रांग उचलून खाली पंख्याचा वारा देता येतो.

अडलंय ते दारापाशी. चाकाची खुर्ची फिरली की तिथली रांग दोन-तीन मिलिमीटर सरकते. सगळीकडे दुहेरी टेप मारणार होतो. पण हे लिहितानाच लक्षात आलं, दाराकडची फरशी तर कोरडी आहे! मग फक्त त्या एका रांगेला टेप, बाकी सगळं मोकळंच. टेप घरात आहे, आज रात्रीच लावतो.