मनीचं बाळंतपण

काल रात्री झोप नाहीच. आमच्या मांजरीचे, मनीचे दिवस भरले होते, ६४वा दिवस. सकाळपासून ताटलीला तोंड लावलं नव्हतं. एरवी ३८-३९ अंश असणारं अंग दुपारी ३७.४ वर आलं, तेव्हाच कळलं की आता फार वाट बघायची नाही.

जुन्या चादरी घालून खोकं तयार ठेवलं होतं. बाईसाहेबांनी निवडलं माझं कपाट. बरं बाई.

अकराला पहिलं पिल्लू, सुरळीत. दुसऱ्याचे मात्र आधी मागचे पाय दिसले. माझा घसा कोरडा! डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, मांजरात पायाळू पिल्लं सर्रास होतात, ओढाताण करू नका. वीस-तीस मिनिटं जोरात कळा देऊनही बाहेर आलं नाही, तर लगेच घेऊन या. चौथ्या मिनिटाला आलं. पण मनी पहिल्यालाच चाटत बसलेली आणि हे अजून पिशवीतच. मी बोटांनी नाकावरची पिशवी फाडली, कोरड्या टॉवेलने चोळत राहिले. काही नाही. काही नाही. मग एक बारीकशी शिंक, आणि 'चीं'. मनीने वळून असं पाहिलं, जणू मीच त्याला चिमटा काढला.

एकूण चार. प्रत्येकाची वार (प्लॅसेंटा) पडल्याचंही मोजलं, कारण आत राहिली तर जंतुसंसर्गाची भीती. पायाळू सगळ्यात लहान, काट्यावर ८८ ग्रॅम. आत्ता तोच भावंडांना तुडवत दुधावर आहे.

माझे दोन स्वेटर मात्र गेले.