नक्शबंदांचा घुमट आणि करीमोवांची कबर

आमच्या औरंगाबादच्या पाणचक्कीत ज्यांचा दर्गा आहे ते बाबा शाह मुसाफिर मूळचे उझबेकिस्तानातल्या बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे, नक्शबंदी या सुफी सिलसिल्याचे. त्यामुळे हा सिलसिला ज्यांच्या नावाचा, त्या बहाउद्दीन नक्शबंदांच्या बुखाऱ्यातल्या मजारीची जियारत करायची हा अम्मीचा जुना हट्ट; तो पुरवायला आम्ही गेलो. मी दर्ग्यात जातो तो बहुतेक तिला सोबत म्हणून. उझबेकिस्तान म्हटलं की मला तिथलं अंदिजान शहर आठवतं, आणि तेही बाबराचं जन्मगाव म्हणून नव्हे.

मे २००५ मध्ये तिथे २३ व्यापाऱ्यांवर धार्मिक कट्टरतेचा खटला चालू होता. हत्यारबंद लोकांनी तुरुंग फोडून त्यांना सोडवलं. १३ तारखेला चौकात हजारो माणसं जमली. कितीतरी जण नुसते बेकारीचं, गरिबीचं गाऱ्हाणं सांगायला आलेले. सैन्याने गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा १८७, मानवाधिकार संघटनांच्या मते मेलेले कितीतरी जास्त.

तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते इस्लाम करीमोव. (नाव आईवडिलांनी ठेवलेलं, योगायोग म्हणायचा.) कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख म्हणून १९८९ मध्ये आले, देश स्वतंत्र झाल्यावर कुराणावर हात ठेवून शपथ घेतली आणि २०१६ मध्ये मरेपर्यंत हलले नाहीत.

बुखाऱ्यात नक्शबंदांची मजार झकास आहे. ती सावरली, सजवली ती करीमोवांच्याच काळात, १९९३ मध्ये. आणि त्याच वर्षी देशाचे मुफ्ती, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू, मुहम्मद सादिक मुहम्मद यूसुफ यांना पदावरून घालवलं; त्यांना देश सोडावा लागला. ते काही बंदूकवाले नव्हते. फक्त लोक त्यांचं ऐकत, सरकारला विचारून नव्हे. सहाशे वर्षांपूर्वी वारलेले नक्शबंद त्या मानाने सोयीचे.

पुढे १९९८ चा कायदा आला. नोंदणीशिवाय धार्मिक संघटना नको, खासगीत धर्मशिक्षण नको, सामान्य माणसाने धार्मिक पोशाखात रस्त्यावर फिरायचं नाही. मशिदींवरचे भोंगेही बंद झाले. हजारो लोक तुरुंगात गेले. आमचा गाइड चाळिशीचा, ताश्कंदला शिकलेलं हिंदी बोलणारा. त्याने सांगितलं, "दाढी वाढवली की मोहल्ल्याच्या समितीचा माणूस घरी यायचा. चहा प्यायचा, मग विचारायचा." त्याचे अब्बा पडदे ओढून नमाज पढत, हेही त्याने सांगितलं.

समरकंदला हजरत खिज्र मशिदीच्या आवारात करीमोवांचीच कबर आहे. बाकांवर लोक बसतात, इमाम कुराण पढतात, सगळे हात वर करतात. नव्या नवऱ्या-नवरीही येऊन जातात. अम्मीनेही फातिहासाठी हात उचलले. मी नाही.

रात्री हॉटेलात तिला अंदिजानचं सांगितलं. ती चिडली नाही, फातिहा मागेही घेतली नाही. "मय्यतसाठी मागितलं रे, त्याच्या राज्यासाठी नाही," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "त्या चौकातल्यांच्या कबरी कुठे आहेत? तिथे जाता येईल का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या टूरच्या कागदावर अंदिजान नव्हतंच.

करीमोवांनंतर राष्ट्राध्यक्ष म्हणून मिर्झियोयेव आले आणि हवा जरा मोकळी झाली, हे खरंच. अजान पुन्हा भोंग्यावर आली, कट्टरतेच्या सुमारे १७ हजार संशयितांच्या सरकारी यादीतून १६ हजार नावं निघाली, छळासाठी कुप्रसिद्ध असलेला जस्लिकचा तुरुंग २०१९ मध्ये बंद झाला. पण २०२१ च्या नव्या कायद्यातही परवानगीशिवाय घरी कुराण शिकवणं गुन्हाच राहिलं. कुठला इस्लाम चांगला हे अजूनही सरकारच ठरवतं.

परतल्यावर मित्रांना हे सांगितलं तर दोघेतिघे म्हणाले, बरोबरच आहे, कट्टरतेला असाच चाप हवा. मी स्वतः नमाजाला कंटाळणारा माणूस, तरी मला हे पटत नाही. मी त्यांना मुफ्तींचं विचारतो. दाढीवरून मोहल्ल्यात चहा प्यायला येणाऱ्या माणसाचं विचारतो. कट्टर कोण, हे ठरवायला स्वतंत्र न्यायालय नव्हतं, स्वतंत्र वर्तमानपत्र नव्हतं, निवडणुकीत हरण्याची भीती नव्हती. एकच माणूस ठरवत होता, पंचवीसेक वर्षं. यावर मित्र विषय बदलतात आणि समरकंदची रोटी कशी होती ते विचारतात. रोटी उत्तमच होती.