जमिनीच्या वाटणीतून दिसणारी अमेरिका

मुंबईत अमेरिकेविषयी जे बोलले जाते, ते बहुधा न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातील एखाद्या उपनगराविषयी असते, कारण आपली भाचरे-पुतणे तिथेच स्थायिक झालेली असतात. तेवढ्यावरून साऱ्या देशाचा स्वभाव ठरवणे म्हणजे अंधेरी पाहून महाराष्ट्राविषयी मत देण्यासारखे आहे. माझ्या मते तिथल्या प्रदेशांमधला फरक माणसांच्या वागण्याआधी जमिनीच्या वाटणीत शोधावा.

न्यू इंग्लंडमधील, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील राज्यांमधली, जुनी गावे सामाईक मैदान आणि चर्च यांच्याभोवती वाढली, आणि व्हरमाँटच्या कित्येक गावांत मार्चच्या पहिल्या मंगळवारी नागरिक अजूनही एकत्र जमून गावच्या खर्चाला मंजुरी देतात. माणसे अबोल, पण हिशेबाला पक्की.

ओहायोपासून पुढे मात्र १७८५ च्या कायद्याने आधी मोजणी झाली आणि मग वस्ती आली. सहा मैल लांब-रुंद चौकोन, त्याचे ६४० एकरांचे छत्तीस भाग आणि त्यांच्या सीमांवरून सरळ धावणारे रस्ते. ही आखणी मला कंटाळवाणी वाटते. तिथली माणसे मात्र तशी अजिबात नाहीत.

साधारण शंभराव्या रेखावृत्ताच्या पश्चिमेस वार्षिक पाऊस वीस इंचांच्या खाली जातो; मुंबईत एकट्या जुलैत याहून अधिक पडतो. वस्ती करणाऱ्यांना १८६२ च्या कायद्याने मिळणाऱ्या १६० एकर सरकारी जमिनीवर अशा कोरड्या मुलखात कुटुंब पोसणे कठीण होते. नेव्हाडाची सुमारे ८० टक्के जमीन आजही केंद्र सरकारकडेच आहे, आणि तिथला माणूस त्याच सरकारविषयी कुरकुरत त्यानेच बांधलेल्या हूवर धरणाचे पाणी पितो.

दक्षिणेचे अगत्य खरे आहे, अनोळखी माणसाचीही तिथे आपुलकीने विचारपूस होते. परंतु कापसाचे विस्तीर्ण मळे गुलामांच्या श्रमावर उभे राहिले, हे विसरून त्या अगत्याचे कौतुक करणे मला जमत नाही. मुंबईकराने तर याबाबत त्रयस्थ राहूच नये. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू होऊन तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा आपल्या व्यापाऱ्यांनी इकडचा कापूस विकून अमाप पैसा कमावला, समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांच्या शेअरांवर सट्टा खेळला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळून अनेक पेढ्या बुडाल्या.