पाझर तलाव पाझरतो का?

यावल-रावेरच्या केळीबागा ट्यूबवेलच्या जिवावर उभ्या आहेत, आणि ट्यूबवेलला पाणी मिळतं ते बरंचसं सातपुड्याच्या पायथ्यातून. डोंगरातून उतरणाऱ्या नद्या-नाल्यांनी वर्षानुवर्षं आणून टाकलेल्या गोटे-वाळूचा एक पट्टा पायथ्याला लागून पसरला आहे. भूजलाचं काम करणारे त्याला बझाडा म्हणतात. खाली तापीकाठच्या काळ्या चिकण मातीत पाणी मुरता मुरत नाही, इथे मात्र भराभर मुरतं. म्हणून पाझर तलाव बांधायचे ते इथेच. एप्रिलमध्ये कोरड्या पडलेल्या अशाच एका तलावाच्या तळात आठवीच्या मुलांबरोबर पाणी मुरण्याचा वेग मोजायचं काम होतं.

साहित्य साधंच. पत्रेवाल्याकडून करून घेतलेलं ३० सेंटिमीटर व्यासाचं कडं आणि दोनशे लिटरचा ड्रम कापून केलेलं मोठं कडं. दोन्ही एकात एक ठेवून, वर आडवी फळी टाकून, जमिनीत ठोकायची. तिरपं बसलं की एका बाजूने पाणी निसटतं. कडं एकच वापरलं तर पाणी खाली जातं तसं बाजूलाही पसरतं आणि वेग उगाच जास्त दिसतो. बाहेरच्या कड्यातलं पाणी भोवतालची माती भिजवून ठेवतं, त्यामुळे आतलं सरळ खाली उतरतं. दोन्हींत पातळी सारखी राखायची, मोजायचं फक्त आतलं. ओतताना तळाशी गोणपाटाचा तुकडा हवा, नाहीतर धारेने माती ढवळली जाते आणि बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात. आतल्या कड्याचं क्षेत्रफळ ७०७ चौरस सेंटिमीटर भरतं. म्हणजे पाणी एक सेंटिमीटर उतरलं की सुमारे ७०० मिलिलिटर मुरलं. हा हिशोब मुलांनीच केला.

तळावर गाळ वाळून भेगाळला होता, पापडासारख्या खपल्या कडेने वर वळलेल्या. आतल्या कड्यात पाच लिटर ओतले, सात सेंटिमीटर पाणी झालं. वीस मिनिटांत ते गडप. "सर, तलाव झकास पाझरतो!" असं म्हणून मुलं वही मिटायला लागली. पुष्कळ ठिकाणी मोजणी इथेच थांबते आणि चुकीचा आकडा कागदावर चढतो. हे पाणी भेगांत शिरलेलं असतं. चिकण माती भिजली की फुगते आणि भेगा मिटतात. म्हणून पुन्हा पुन्हा भरायचं, आणि लागोपाठची वाचनं सारखी येईपर्यंत थांबायचं. ऊन तापायच्या आत वाचन स्थिर झालं: तासाला चार मिलिमीटर.

एका मुलीची शंका रास्त होती. हे चार तरी मुरले, की उन्हानेच प्यायले? त्यासाठी शेजारी पाण्याचं घमेलं भरून ठेवलं होतं. त्यातली घट तासाला एक मिलिमीटरही नव्हती.

मग खुरप्याने गाळाचा थर खरवडला. जाडी जेमतेम चार सेंटिमीटर. खाली भरड वाळू आणि गोटे. इथे कडं ठोकता येत नाही, दगडावर पत्रा वाकतो. गोल चर खणून कडी बसवायची आणि बाहेरून तोच गाळ कालवून घट्ट लिंपायचा. पाच लिटर ओतले. सहा मिनिटांत कडं कोरडं. दुसऱ्यांदा सहा, तिसऱ्यांदाही तेवढीच, कारण इथे फुगण्यासारखं काही नव्हतंच. तासाला ७०० मिलिमीटर, म्हणजे १७५ पट! एका कड्याचा आकडा सगळ्या तलावाला लावता येत नाही, खालचे थर जागोजागी वेगळे असतात. पण पाणी किती वेगाने उतरायचं हे सगळ्यात घट्ट थर ठरवतो, मग तो बोटभर का असेना. जलचक्राच्या चित्रात ढग मोठे काढतात आणि जमिनीत जाणारा बाण कोपऱ्यात बारीकसा. आपल्या भागात तर तोच बाण जपायला हवा.

गाळ काढायचा तो मृगाआधी. फक्त गाळ. जेसीबीवाल्याला आवरलं नाही तर तो वाळू-गोटेही उपसतो, आणि पाझरणारा थरच जातो. काढलेला गाळ काठावर ढीग करून ठेवला की पहिल्या पावसात परत तळात येतो. त्याची जागा शेतात. वरच्या रानांतली वाहून आलेली सुपीक माती आणि अन्नद्रव्यंच ती. मात्र बरड, मुरमाड जमिनीलाच द्यावी. आधीच भारी काळी असलेल्या रानात टाकली तर निचरा बिघडतो. एकरावर पाच सेंटिमीटर पसरायला साधारण २०० घनमीटर लागतो, तीन घनमीटरच्या ट्रॉलीने ६५-७० खेपा.

मुलांनी तलावात सेंटिमीटरच्या खुणा केलेला बांबू रोवायचं ठरवलं आहे. पाऊस उघडल्यावर, नाला वाहायचा थांबला की रोज सकाळी आठला पातळी लिहायची आणि त्या दिवसाच्या उतारातून शाळेच्या अंगणात पाणी भरून ठेवलेल्या टोपातली घट, म्हणजे उन्हाने प्यायलेलं पाणी, वजा करायची. उरलं ते मुरलेलं. तो आकडा दरवर्षी घटत शून्याकडे सरकला, की तळाला खुरपं लावायची वेळ झाली.