काचेसारखं नितळ, पण दुधाचं

सध्या पणजीपासून पुण्यापर्यंत कुठल्याही नव्या बारचं मेनूकार्ड उघडा, एखादं तरी 'क्लॅरिफाइड' कॉकटेल सापडतंच. मी बारमागे उभा राहणारा माणूस, मूळचा सावंतवाडीचा, आता पणजीत. काचेच्या घुमटाखाली कोंडलेला धूर आणि ग्लासात तरंगणारी फुलं यांचा मला कंटाळा आहे, पण ही पद्धत मनापासून आवडते. दारू, आंबट रस आणि साखर यांचं मिश्रण हळूहळू दुधात ओतायचं. दूध फाटलं की सगळं त्याच्याच चोथ्यातून थेंबथेंब गाळायचं. फाटलेल्या दुधातलं केसिन हे प्रथिन तुरटपणा आणि गढूळपणा धरून ठेवतं, खाली उतरतं ते नितळ आणि जिभेला मऊ. लोक नवा शोध म्हणून मिरवतात, पण इंग्लंडमध्ये अशा दुधातून गाळलेल्या दारूची, म्हणजे मिल्क पंचाची, लिहिलेली कृती 1711 सालची आहे.

आमच्या पंचात काजूची फेणी, कोकमाचं आगळ, गूळ आणि जायफळ होतं. आगळ म्हणजे सरबत नव्हे, त्यात मीठ असतं, म्हणून ते जपून घालावं लागतं, हे मुंबईहून मेनू रचायला आलेल्या सल्लागाराला पटवण्यात माझी अख्खी दुपार गेली. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र तो हटला नाही. कार्डावर 'दूध' छापायचं नाही. फेणी आणि दूध एकत्र वाचलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं, असं त्याचं म्हणणं. मालकांनाही ते पटलं.

एप्रिलमधला शनिवार होता, हॉल भरलेला. लिंबं संपली म्हणून मी किचनच्या खिडकीशी गेलो, तर आचारी ऑर्डर घेणाऱ्या कॅप्टनवर ओरडत होता, "सहा नंबरला बटर नको, दही नको, क्रीम नको, मग ग्रेव्हीत घालू काय?" किचनच्या चिठ्ठीवर ठळक लिहिलेलं होतं, दुधाची अ‍ॅलर्जी. माझ्याकडे आलेल्या बारच्या चिठ्ठीवर त्यातलं अक्षरही नव्हतं. आणि सहा नंबरचा पंच मी नुकताच पाठवला होता.

लिंबं तिथेच टाकून मी धावलो. बाई कोल्हापूरच्या, नवरा आणि नणंदेबरोबर आलेल्या. ग्लास टेबलावर होता आणि त्या मोबाइल तिरका धरून त्याचा फोटो काढत होत्या. पिण्याआधी फोटो काढणाऱ्यांवर मी एरवी वैतागतो. त्या दिवशी नाही.

"ताई, तो ग्लास पिऊ नका. त्यात दूध आहे."

त्यांनी ग्लास दिव्यासमोर धरला. फिकट गुलाबी, आरपार दिसणारा. नवरा म्हणाला, "अहो, कॅप्टनला विचारलं होतं आम्ही. तो म्हणाला, बघा की किती स्वच्छ आहे, दूध कुठून येणार?"

कॅप्टनला तरी काय बोल लावणार? त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं. मी तिथेच समजावलं. चोथ्याबरोबर केसिन निघून जातं, पण दुधाचं पाणी पंचातच राहतं, आणि त्या पाण्यात प्रथिनं असतात, लॅक्टोज ही दुधातली साखरही असते. ती साखर न पचणं वेगळं, त्यात पोट बिघडतं. अ‍ॅलर्जी प्रथिनांची असते. त्या म्हणाल्या, लहानपणी एका पेढ्यावरून त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं, घसा सुजला होता. नणंदेने ग्लास उचलून शेजारच्या रिकाम्या टेबलावर नेऊन ठेवला.

मग त्यांना काय द्यायचं? हंगाम हुर्राकाचा होता. बोंडूंचा, म्हणजे काजूच्या रसाळ फळांचा, रस आंबवून भट्टीत पहिल्यांदा उतरतो तो हुर्राक, हलका. पुन्हा गाळला की फेणी. नवा ग्लास, नवा चमचा घेऊन मी हुर्राक, लिम्का, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची असं दिलं. "यात काजू?" त्यांनी आधी विचारलं. बोंडूचा रस असतो, बी नाही, असं सांगून काजूचीही अ‍ॅलर्जी आहे का ते मी विचारून घेतलं. नव्हती.

आमच्याकडे सिंधुदुर्गात बी काढून घेतली की बोंडू झाडाखाली कुजतात. सीमेपलीकडे गोव्यात त्याचीच काजू फेणी होते, आणि तिला 2009 पासून भौगोलिक मानांकन आहे. अशी दारू हाती असताना सल्लागार दूध कशाला घालत होता? "फेणीचा वास मारायला," हे त्याचंच उत्तर. वासच नको असेल तर व्होडका घे ना बाबा! दुधाने कडवटपणा, तुरटपणा जातो, फेणीचा वास काही पुरता जात नाही.

रात्री बार बंद झाल्यावर मी मालकांसमोर कार्ड ठेवलं. पंच राहू दे, पण दूध छापा. व्हिस्की सावरमध्ये अंड्याचा पांढरा बलक आहे, तो छापा. ऑर्जा सिरप बदामाचं असतं. ब्लडी मेरीत पडणाऱ्या मूळ वूस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात, आणि आमच्याकडचे कित्येक शाकाहारी पाहुणे ती निर्धास्त पितात. मालक शेवटच्या वाक्यावर दचकले, कारण ते स्वतः शाकाहारी आहेत आणि रविवारी ब्लडी मेरीच घेतात.

नवं कार्ड छापून आलं. किचनच्या चिठ्ठीवरची अ‍ॅलर्जी आता बारच्या चिठ्ठीवरही उमटते. पंचाची मागणी दूध छापल्यावरही टिकून आहे. सल्लागाराशी माझा वाद आता तूप मुरवलेल्या व्हिस्कीवर चालू आहे. गोठवून गाळल्यावर तूप उरतंच कुठे, असं तो म्हणतो. मी म्हणतो, छाप.