फेडिंगमध्ये डीकोडरला बिटाबरोबर त्याचा भरवसाही द्या

रेडिओ सिग्नल अनेक वाटांनी येऊन कधी जोरात तर कधी जवळजवळ शून्यावर येतो, ते फेडिंग; रेले फेडिंग हे त्याचं एक नेहमीचं गणिती रूप. त्यात कोडिंगशिवाय (चुका दुरुस्त करणारे जादा बिट न जोडता) बीपीएसके वापरलं, म्हणजे प्रत्येक बिट +१ किंवा −१ म्हणून पाठवला, तर दर लाख बिटांमागे एक चूक इथवर पोचायला नॉइजच्या तुलनेत सरासरी ४४ डीबी ऊर्जा लागते (दर १० डीबी म्हणजे दहापट). फेडिंग नसेल तर ९.६ डीबीत भागतं. ही दरी नुसती पॉवर वाढवून भरत नाही. कोडिंग हवं, इंटरलीव्हिंग (लागोपाठचे बिट विखरून पाठवणं) हवं, आणि कोड उलगडणाऱ्या डीकोडरकडे जाणारी माहिती नीट हवी. बहुतेक वेळा गोची होते ती या तिसऱ्या गोष्टीत.

रिसीव्हर मिळालेल्या नमुन्याला चॅनेलच्या गेनने (वाटेत सिग्नल जितका पट झाला त्या संख्येने) भागतो आणि तो भागाकार तसाच व्हिटर्बी डीकोडरकडे (सर्वांत संभाव्य बिटक्रम शोधणाऱ्या डीकोडरकडे) देतो. समजा +१ पाठवला आणि नॉइज −०.४ होता. गेन १ असेल तर ०.६ येतात, बिट बरोबर. गेन ०.१ वर कोसळला असेल तर नमुना −०.३ आणि भागाकार −३. म्हणजे डीकोडरच्या लेखी चुकीचा बिट बरोबर बिटापेक्षा पाचपट खात्रीचा! असा एकच नमुना शेजारच्या चार चांगल्या नमुन्यांना खोटं पाडतो. भागाकाराला गेनच्या वर्गाने गुणलं की −३ चे −०.०३ होतात, ०.६ तसेच राहतात. त्याहून बरं म्हणजे भागूच नका: गेन ही खरं तर संमिश्र संख्या असते, तेव्हा नमुना तिच्या संयुग्म संख्येने गुणा आणि वास्तव भाग घ्या. उत्तर तेच, आणि शून्याजवळच्या संख्येने भागायची वेळच येत नाही. पूर्ण एलएलआरसाठी (बिटाच्या दोन किमतींच्या शक्यतांच्या गुणोत्तराच्या लॉगसाठी) त्याला ४ ने गुणून नॉइजच्या पॉवरने भागायचं. फ्रेमभर (एकत्र कोड केलेल्या बिटांच्या गठ्ठ्यात) नॉइज सारखाच असेल तर व्हिटर्बीला हा भागाकार नसला तरी चालतो. पण बर्स्टगणिक (एका दमात पाठवलेल्या तुकड्यागणिक) इंटरफिअरन्स, म्हणजे इतर सिग्नलांचा अडथळा, बदलत असेल तर प्रत्येक बर्स्टचा नॉइज वेगळा मोजावाच लागतो.

हे सगळं नीट करूनही वजन पुन्हा हरवू शकतं. सॉफ्ट व्हॅल्यू (बिट आणि त्याचा भरवसा एकत्र सांगणारी संख्या) ३-४ बिटांत बसवताना प्रत्येक बर्स्ट आपापल्या कमाल किमतीवर ताणला, तर बुडालेला बर्स्ट परत चांगल्याच्या बरोबरीला येतो. स्केलिंग पूर्ण फ्रेमचं एकत्र करा. विखुरलेले बिट परत मूळ क्रमाने लावणाऱ्या डीइंटरलीव्हरमधूनही सॉफ्ट व्हॅल्यूच जाऊ द्या. ० की १ हा निर्णय त्याआधी घेतला तर भरवसा तिथेच संपतो. पंक्चर केलेल्या (मुद्दाम न पाठवलेल्या कोड-बिटांच्या) जागी शून्य भरा, कारण त्या बिटाबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही.

इंटरलीव्हर किती लांब हवा, हे वेगावर ठरतं. जीएसएम या मोबाइल प्रणालीच्या फुल-रेट आवाजात २० मिलिसेकंदांच्या फ्रेमचे ४५६ बिट ८ बर्स्टांत वाटले जातात, साधारण ३७ मिलिसेकंदांत. ९०० मेगाहर्ट्झवर ताशी ६० किमी वेगाला डॉप्लर (हालचालीमुळे होणारा फ्रीक्वेन्सीतला बदल) ५० हर्ट्झ, म्हणजे चॅनेल ८-९ मिलिसेकंदांत पालटतो. मग आठही बर्स्ट एकदम बुडत नाहीत. ताशी ३ किमीने चालणाऱ्याचा चॅनेल मात्र सुमारे १७० मिलिसेकंद तसाच राहतो आणि अख्खी फ्रेम एकाच खड्ड्यात सापडते. म्हणूनच जीएसएममध्ये सेकंदाला २१७ वेळा फ्रीक्वेन्सी बदलण्याची सोय आहे.

सिम्युलेशन तपासताना आधी गेन १ वर बांधा. १७१-१३३ (कोडच्या दोन सूत्रांची अष्टमान पद्धतीतली नावं) हा ६४ स्थितींचा कोड सॉफ्ट डीकोडिंगने दर लाखी एक चूक साधारण ४.५ डीबीवर देतो. तिथेच आकडा जुळला नाही तर दोष डीकोडरमध्ये आहे. मग फेडिंग चालू करा आणि डीबीविरुद्ध चुकांच्या आलेखाचा उतार बघा. दर १० डीबीला चुका जेमतेम दहापट घटत असतील, तर कोडला डायव्हर्सिटी (एकदम न बुडणाऱ्या वेगवेगळ्या वाटा) मिळतच नाही: एकतर इंटरलीव्हर आखूड आहे, नाहीतर चॅनेल संथ आहे. उतार तीव्र आहे पण आलेख काही डीबी उजवीकडे सरकलाय, असं दिसलं तर आधी गेनचं वजन कुठे गळलं ते शोधा.