सान हुआन नदीवरील ‘व्यापार’

आंतरराष्ट्रीय करारांचा अर्थ लावताना १९६९ च्या व्हिएन्ना कराराचे ३१ वे कलम प्रमाण मानले जाते. संदर्भ आणि हेतू ध्यानात घेऊन शब्दांचा सर्वसाधारण अर्थ सद्भावनेने घ्यावा, असे ते सांगते; परंतु हा अर्थ कोणत्या काळातला आणि तो कोणत्या पुराव्याने ठरवायचा, हे सांगत नाही. तेथे भाषाशास्त्र कामी येते. कोस्टा रिका विरुद्ध निकाराग्वा या खटल्याइतके त्याचे बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

मध्य अमेरिकेतील या दोन शेजारी देशांमधील १५ एप्रिल १८५८ च्या कराराने त्यांच्या सीमेवरील सान हुआन नदीचे पाणी निकाराग्वाच्या सत्तेखाली राहिले. मात्र तिच्या खालच्या टप्प्यात कोस्टा रिकाला ‘कॉन ओब्खेतोस दे कोमेर्सियो’ मुक्त नौकानयनाचा कायमचा हक्क मिळाला. स्पॅनिशमध्ये ‘कोमेर्सियो’ म्हणजे व्यापार, तर ‘ओब्खेतोस’ म्हणजे वस्तूही आणि उद्दिष्टेही. निकाराग्वाच्या मते हा हक्क मालवाहतुकीपुरता होता, तर कोस्टा रिकाच्या मते व्यापाराच्या हेतूने होणाऱ्या सर्व वाहतुकीला तो लागू होता. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ जुलै २००९ च्या निकालात ‘उद्दिष्टे’ हा अर्थ स्वीकारला आणि त्यासाठी आधी वाक्यरचना पाहिली. त्या शब्दांपुढे ‘मग तो निकाराग्वाशी असो वा कोस्टा रिकाच्या अंतर्भागाशी’ अशा आशयाचा वाक्यांश आहे. ‘वस्तू’ असा अर्थ घेतल्यास तो कशाशीच जोडता येत नाही, मीमांसकांच्या परिभाषेत त्याची आकांक्षा, म्हणजे अर्थ पूर्ण होण्यासाठी दुसऱ्या पदाची अपेक्षा, पुरी होत नाही. शिवाय अमेरिकेचे अध्यक्ष क्लीव्हलँड यांच्यापुढील लवादात १८८७ साली उभय पक्षांनी दिलेल्या या कराराच्या इंग्रजी अनुवादांतही ‘उद्दिष्टे’ हाच अर्थ होता. हा युक्तिवाद मला निर्दोष वाटतो.

‘कोमेर्सियो’ या शब्दापाशी मात्र न्यायालयाने वाट बदलली. १८५८ साली त्यात सेवा येत नव्हत्या, असे निकाराग्वाचे म्हणणे. न्यायालयाचे उत्तर असे की, शब्द सामान्यवाचक आहे आणि करार अमर्याद मुदतीचा आहे, म्हणून अर्थ बदलेल हे पक्षांना ठाऊक होते असे गृहीत धरले पाहिजे. तेव्हाचा अर्थ वेगळा असला तरी आजचाच ग्राह्य. त्यामुळे पर्यटकांची वाहतूकही हक्कात आली.

येथे शब्दाचा अर्थ बदलणे आणि अर्थ तोच राहून त्याखाली येणाऱ्या गोष्टी वाढणे, या दोन घटना वेगळ्या ठेवायला हव्या होत्या. दुसरी घटना असेल, तर पक्षांच्या अपेक्षेविषयी कोणतेही गृहीतक लागत नाही. कॅलिफोर्नियातील सोन्यासाठी निघालेल्या प्रवाशांना कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट यांची कंपनी १८५१ पासून याच नदीतून भाडे घेऊन नेत होती. करार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्रवासी वाहतूक हा धंदाच होता. अशा वाहतुकीला त्या काळचे स्पॅनिश लेखक ‘कोमेर्सियो’ म्हणत होते का, हे समकालीन वृत्तपत्रे, करार आणि जकातीच्या कागदपत्रांतील वापर गोळा करून तपासता येते, आणि ते तपासणे हा न्यायदानाचाच भाग आहे असे मी मानतो. याच खटल्यातील एक न्यायाधीश स्कॉटनिकोव्ह यांनाही न्यायालयाचे हे गृहीतक पटले नाही. नदीवरील पर्यटक वाहतुकीबाबत उभय देशांच्या नंतरच्या वर्तनाचा आधार घेऊन त्यांनी तोच निष्कर्ष काढला. तो मार्ग मला अधिक भक्कम वाटतो, कारण वर्तनाला पुरावा देता येतो. गृहीत धरलेल्या हेतूला तो देता येत नाही, आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या दोन सरकारांच्या मनात काय होते हे त्यांच्या शब्दांच्या वापरातून शोधण्याआधीच न्यायालयाने ठरवून टाकले.